विश्लेषण : छोट्या दुर्बिणीतून दूरच्या दीर्घिका कशा टिपतात? दुर्बिणीपेक्षा काळोख मोलाचा का?

देवयानी दीर्घिकेची छायाचित्रे शतकाहून अधिक काळ काढली जात आहेत. तरीही तिच्या शेजारी दिसणारी आयनीभूत ऑक्सिजनची अंधूक कमान २०२२ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती सापडली हौशी छायाचित्रकारांना, तीही अवघ्या १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून.

हे कसे साधले?

यान सँती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रॉटनर यांचे ते काम. देवयानीचा पसारा आकाशात सुमारे तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवले तर व्यापतील इतका. मोठ्या दुर्बिणी आकाशाचा लहानसा तुकडाच पाहतात. छोट्या दुर्बिणीत सगळा पसारा एकाच चौकटीत मावतो. या चमूने शंभराहून अधिक तासांचा प्रकाश एकत्र केला. या छायाचित्राला २०२३ मध्ये ग्रिनिच वेधशाळेच्या स्पर्धेत सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

तासन् तास प्रकाश साठवतात कसा?

पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. त्यामुळे मोटर बसवलेल्या माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याजवळच्या खगोलीय ध्रुवाकडे रोखून कॅमेरा त्याच वेगाने फिरवला जातो. काही मिनिटांच्या अनेक चौकटी टिपून त्या संगणकावर एकावर एक रचतात. त्यासाठी ‘सिरिल’, ‘डीपस्कायस्टॅकर’ अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत. रचणीत प्रत्येक चौकटीतला वेगवेगळा दाणेदारपणा विरतो आणि खरा प्रकाश ठळक होतो. मात्र स्पष्टता दुप्पट हवी असेल, तर वेळ चौपट द्यावा लागतो.

मग शहराच्या गच्चीवरून का नाही?

काही प्रमाणात जमते. तेजोमेघ ठरावीक तरंगलांबीवर चमकतात : हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर, ऑक्सिजन ५०१ नॅनोमीटर. तेवढाच प्रकाश आत सोडणारे फिल्टर लावले, की शहरातूनही मृग नक्षत्रातला तेजोमेघ छान येतो. दीर्घिकांचा प्रकाश मात्र ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत विखुरलेला. जुन्या सोडियम दिव्यांचा बराचसा पिवळा उजेड फिल्टरने अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेडही सर्व रंगांत पसरतो. तो अडवायला जावे, तर दीर्घिकेचा प्रकाशही अडतो. गडद आकाशाखाली एका रात्रीत मिळते ते शहरात कित्येक रात्री जागूनही मिळत नाही. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने तसेही जवळजवळ वाया जातात.

उपाय काय?

विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांतले दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात गेली नाहीत. उजेड फक्त हवा तिथे पडू लागला. हे काम जंगलापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. दिव्यावर टोपी, उबदार रंग आणि मध्यरात्रीनंतर मंद प्रकाश, एवढे केले तरी वीज वाचते आणि आकाशही. नव्या पथदिव्यांच्या निविदेत महापालिका आणि ग्रामपंचायतींनी या तीन अटी घातल्याच पाहिजेत. दुर्बीण हौशी माणूस पदरमोड करून घेईल. काळोख मात्र त्याला विकत घेता येत नाही.