काच धुकट, मूड ऑफ!

लाँग वीकएण्ड जवळ आला की ऑफिसात कोकणच्या प्लॅनची मेल फिरतेच. ‘गोवा नको यार, जाम गर्दी’ म्हणणारी गँग हल्ली गोव्याच्या हद्दीला चिकटलेल्या रेडीत थांबते. यशवंतगड बघायचा, १९७६ साली खाणीत सापडलेल्या द्विभुज गणपतीला नमस्कार करायचा, संध्याकाळी किनाऱ्यावर लोळायचं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गाडी मालवणला. कशाला? स्नॉर्केलिंगला!

रेडीचा किनारा झकास, पण वाळूचा. लाट आली की वाळू उडते आणि पाण्याखाली काही दिसत नाही. मासे आणि प्रवाळ बघायचे तर खडकाळ तळ हवा. तो सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे. उगाच नाही १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

सनस्क्रीन, शॉर्ट्स, कॅमेरा, सगळं बॅगेत जातं. मास्क? ‘तो तिकडे मिळतो की!’ मिळतो, प्रश्नच नाही. पण तो तुमच्या चेहऱ्याच्या मापाचा असेलच असं नाही. पाण्यात तोंड घातलं की दोन मिनिटांत काचेवर धुकं. मग तुम्ही मास्क वर करता, नेमकी तेव्हाच लाट येते आणि खारं पाणी थेट नाकात. पोहणारा माणूस खोकून मोकळा होतो. न पोहणारा घाबरतो, हातपाय झाडतो. म्हणून सांगतो, स्वच्छ काच ही चैन नाही, सेफ्टी आहे.

पंखा का नाही?

पेंटबॉल खेळून आलेल्या मंडळींचा एक ठरलेला सवाल असतो. तिथल्या भारी मास्कमध्ये बॅटरीवरचा छोटा पंखा असतो, मग इथे का नाही? उत्तर सोपं आहे. पेंटबॉलच्या मास्कला हवेसाठी भोकं असतात. पंखा आतली दमट हवा हलवतो, बाहेरची कोरडी हवा आत येते. स्नॉर्केलचा मास्क मात्र चेहऱ्याला सीलबंद बसतो. पंखा लावला तरी तो तीच दमट हवा फिरवणार! नियम मात्र दोन्हीकडे एकच: धुकं आलं म्हणून भर मैदानात मास्क काढायचा नाही. पेंटबॉलची गोळी सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेगाने येते, आणि डोळे दोनच असतात.

पंख्याच्या जवळ जाणारी चीज म्हणजे अख्खा चेहरा झाकणारा मास्क. डेकॅथलॉनने २०१४ साली ‘ईझीब्रेथ’ आणला आणि तो हिट झाला. आत घेतलेली हवा काचेवरून जाते, सोडलेली वेगळ्या वाटेने बाहेर पडते, त्यामुळे धुकं कमी. मार्च २०२० मध्ये इटलीत हेच मास्क थोडे बदल करून कोरोनाच्या पेशंटना श्वास देण्यासाठी वापरले गेले. आयडिया दमदार आहे, वाद नाही. पण यात नाक चिमटीत धरून कानांवरचा दाब सोडवता येत नाही, त्यामुळे खाली डुबकी मारायची नाही. आणि स्वस्त नकलांमध्ये झडपा नीट नसतील तर आपणच सोडलेली हवा पुन्हा पोटात! मला विचाराल तर साधा मास्क आणि वेगळी नळी, बेस्ट.

निवडायचा कसा?

पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा. नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर पुढचा बघा, भले तो कितीही कूल दिसो. काच टेम्पर्ड हवी, तसं काचेवरच लिहिलेलं असतं. कडा मऊ सिलिकॉनच्या हव्यात. नाक आत झाकलेलं हवंच. पोहायचे गॉगल खाली डुबकी मारायला चालत नाहीत, कारण दाब वाढला की त्यात नाकाने हवा सोडता येत नाही. चष्मेवाल्यांनो, काही मास्कना मायनस नंबरच्या तयार काचा बसतात. आणि मिशीवाल्यांनो, सॉरी! मिशीतून पाणी झिरपतं. नाकाखालची एक बारीक पट्टी उडवलीत तर घरचे ओळखतील तरी.

सांभाळायचा कसा?

नव्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो. धुकं त्यालाच जास्त धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घ्या, काच आतून घासा, धुवा. असं तीन-चार वेळा. हा प्रयोग फक्त खऱ्या काचेवर करायचा, प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात.

पाण्यात उतरण्याआधीचा उपाय फुकट आहे. मालवणात होडीवरच्या एका काकांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं, “आधी थुकी लाव, मगे घाल!” ईऽऽ करू नका. थुंकीमुळे वाफेचे थेंब सुटे राहत नाहीत, त्यांचा सलग पातळ पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं. लावा, चोळा, समुद्राच्या पाण्यात एकदा विसळा. अगदीच नको वाटत असेल तर बेबी शॅम्पूचे दोन थेंब. मग पाण्यात श्वास तोंडानेच. नाकाने सोडलात की धुकं हजर. कपाळावर सनस्क्रीनही थापू नका, ते कडेतून डोळ्यांत उतरतं आणि चरचरतं.

परतल्यावर मास्क गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच डबीत ठेवा. ओला मास्क बॅगेत कोंबून सोमवारी ऑफिस गाठलंत तर पुढच्या ट्रिपला सिलिकॉनवर काळे ठिपके सापडतील. गाडीच्या डॅशबोर्डवरही तो नको, उन्हाने सिलिकॉन पिवळं पडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मास्क कितीही भारी असला तरी तो तुम्हाला तरंगवत नाही. लाइफ जॅकेट घाला आणि होडीवाल्याचं ऐका. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, तेव्हा हट्ट नको. पाण्याखाली मासे खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठे दिसतात. सोमवारी कॅण्टीनमध्ये हातभर मासा पाहिल्याचं सांगताना तेवढं डिस्काउंट द्यायला विसरू नका!