सभासद नसलेल्यांचा रस्ता

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सायकल ट्रॅकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मग गाड्या लावायच्या कुठे? त्यामागोमाग दुसरा येतो : आता सायकल चालवतंय कोण? पुण्यात सायकलसाठी रस्त्याच्या कडेची जागा मागितली की हेच दोन प्रश्न उभे राहतात. औंधमध्ये स्मार्ट सिटीच्या कामात पदपथ रुंद झाले, सायकलसाठी पट्टा आखला गेला, तेव्हाही पार्किंग गेलं आणि रस्ता अरुंद झाला म्हणून रहिवासी आणि दुकानदार नाराज झाले होते. त्यांना आडमुठे म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

आधी दुसरा प्रश्न घेते. सकाळी साडेसहा-सातला आमच्या रस्त्यावर रात्रपाळी संपवून निघालेला रखवालदार सायकलवर असतो, हँडलला रिकाम्या डब्याची पिशवी. पेपर टाकणारा मुलगा असतो. गाड्या पुसणारे काका असतात, कॅरिअरला बादली आणि ओली फडकी बांधलेली. थोड्या वेळाने शाळेचे गणवेश दिसू लागतात. कडेला मोटारींची सलग रांग लागलेली असते. समविषम तारखांची पी-वन, पी-टूची पाटी आहे, पण ती पाळत कुणी नाही, दोन्ही बाजूंना गाड्या. परवा एक सातवी-आठवीतली मुलगी बघत होते. प्रत्येक मोटारीपाशी ती पेडल थांबवायची, आत कुणी बसलंय का ते काचेतून बघायची, मग मान मागे वळवून बस येते आहे का ते बघायची आणि मगच पुढे जायची. दार अचानक उघडलं तर उजवीकडे झुकायला जागा नाही, हे त्या वयात तिला कळलेलं आहे. तिच्या पाठीवरचं दप्तर तिच्यापेक्षा मोठं होतं.

तेव्हा सायकल चालवणारे आहेत. मात्र सोसायटीच्या सभेत ते नसतात. रखवालदार सभासद नाही, पोळ्यांच्या मावशी सभासद नाहीत, आणि मुलांना मत नसतं. ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांना वगळून ज्यांच्या गाडीचा प्रश्न आहे ते ठराव करतात, ही या सगळ्या वादातली मला सर्वात खुपणारी गोष्ट आहे.

आता पार्किंग. एक मोटार उभी राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट जागा लागते. पुण्यात एवढ्या जागेत माणसं संसार करतात आणि तिचं भाडं भरतात. मोटारीसाठी तीच जागा फुकट मिळते, तीही महापालिकेच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या जमिनीवर. केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्पष्ट म्हटलं होतं की पार्किंगचं शुल्क त्या जागेच्या मोलाला साजेसं असावं. पुण्यात 2018 मध्ये पार्किंग धोरण आलं. त्याच वर्षी शहरातल्या वाहनांचा आकडा 36 लाखांवर, लोकसंख्येच्याही पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. तरी विरोध एवढा झाला की धोरण प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि तेही रखडलं. फुकट जागा संपतच नाही म्हटल्यावर घरात दुसरी, तिसरी गाडी घेताना कुणी विचार कशाला करेल?

जुन्या सोसायट्यांची अडचण मात्र खरी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत स्कूटरपुरती जागा सोडलेली असायची. तिथे आज आजोबांना डायलिसिसला न्यायचं असेल तर गाडी फाटकापाशी यायलाच हवी. रुग्णवाहिका, रिक्षा, गॅसच्या सिलिंडरची गाडी यांना थांबायला जागा सोडल्याशिवाय आखलेला ट्रॅक मी ट्रॅक मानणार नाही.

आणि लोकांचा विश्वास उडाला त्यालाही कारण आहे. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका आली, तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. पेव्हर ब्लॉक बसवलेले, कुठे मधेच झाड, कुठे विजेचा डीपी, दर फाटकापाशी उतार आणि पुन्हा चढ. त्यावर सायकल चालवून बघणारा माणूस चार दिवसांत मुख्य रस्त्यावर परत येतो. मग रिकाम्या ट्रॅकवर टपऱ्या बसतात, दुचाक्या घुसतात, आणि ‘बघा, कुणी वापरतच नाही’ म्हणायला सगळे मोकळे. 2017 मध्ये सुमारे सव्वाआठशे किलोमीटर जाळ्याचा सायकल आराखडा महापालिकेने मंजूर केला. कागदावर तो चांगलाच आहे. पण अर्धवट, तुटक ट्रॅकसाठी पार्किंग काढलं तर दोन्हीकडचे लोक हरतात.

नेदरलँड्सचं नाव काढलं की ‘तिथली गोष्ट वेगळी’ असं उत्तर मिळतं. तिथेही रस्ते मोटारींनी भरलेले होते. 1971 मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. अ‍ॅम्स्टरडॅमच्या डे पाइप या दाटीच्या वस्तीत मुलांनीच खेळायला रस्ता मागितला आणि मोठ्यांशी त्यांची भांडणंही झाली. म्हणजे वाद तिथेही गल्लीतूनच सुरू झाला होता.

कडेला एका रांगेत लावलेल्या मोटारींची पट्टी दोन-सव्वादोन मीटर रुंद असते. एका दिशेच्या चांगल्या सायकल ट्रॅकलाही जवळपास तेवढीच रुंदी लागते. त्यामुळे अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंचं पार्किंग आणि ट्रॅक एकत्र नांदणार नाहीत, हे प्रशासनाने लोकांना तोंडावर सांगितलं पाहिजे. एका बाजूचं पार्किंग ठेवा, त्याला शुल्क लावा, फाटकापाशी थांब्याची जागा आखा, आणि दुसरी बाजू सलग सायकलला द्या. माझं मत एवढं स्पष्ट आहे.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येईल. तेव्हा रखवालदाराला, घरकामाच्या मावशींना आणि सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलांना आत बोलवा, खुर्ची द्या, आणि सभासदांच्या आधी त्यांना बोलू द्या. ठराव नंतर लिहा.