दोष वातीचा, बोल हाताला

बचत गटांच्या कित्येक प्रशिक्षणांत मेणबत्तीची कृती सांगतात, कारणे सांगत नाहीत. मग मेणबत्ती विझली की साहित्याचे पैसे बुडतात आणि बोल मात्र भगिनींच्या हाताला! वस्तुतः वात बारीक असेल तर ज्योत वितळलेल्या मेणातच बुडते. जाड असेल तर काजळी धरते. शंभर ग्रॅम मेणाला दहा ग्रॅमहून अधिक सुगंधी तेल घातले, तर ते पाझरते, वात चोंदते. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांच्या ‘सनराइज कँडल्स’मध्ये अंध कारागीर मेणबत्त्या घडवतात, तेथे डोळ्यांचे काम स्पर्श आणि समज करतात. मग डोळसांना ही समज का नाकारावी? पैठणीचा विणकर धागा का तुटला हे आधी पाहतो. वातही शेवटी सुताचीच ना?