आईला सुट्टी कधी?



बाजारात सध्या एक माल जोरात खपतोय. त्याचं नाव ‘स्वतःसाठी वेळ’. मासिकात, टीव्हीवर, मोबाइलवर, जिकडं बघावं तिकडं आयांना सल्ला चाललाय. बायांनो, दमलात ना? मग स्वतःची काळजी घ्या. सकाळी अर्धा तास योगासनं करा, निवांत अंघोळ करा, महिन्यातून एकदा पार्लरला जा, पोरं नवऱ्याच्या हवाली करून मैत्रिणींबरोबर फिरून या.

सल्ला वाईट नाही. आई हेही माणूस असतं, तिला विसावा लागतो, एवढं तरी या लोकांना कळलं. पण हा सल्ला कुणासाठी आहे? गंगापूर रोडच्या, कॉलेज रोडच्या फ्लॅटमधल्या बाईसाठी. तिचा अर्धा तास निघतो कुठून? तिचं धुणं-भांडं, केर-फरशी दुसरी बाई करते, तिथून. ती दुसरी बाईही आईच आहे. चार घरची कामं उरकून ती वस्तीत परत येते तेव्हा तिचं स्वतःचं धुणं तसंच पडलेलं असतं. एकीच्या विसाव्याची किंमत दुसरीच्या कमरेतून वसूल होते. आणि ही दुसरी बहुतेक वेळा कुठल्या जातीची असते, हे नाशिककरांना सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात एक फेरी मारा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत दिवसभर मान वर करून घड विरळणारी कोण? लासलगावात कांद्याच्या ढिगापुढं उकिडवं बसून निवड करणारी कोण? सिन्नरला पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या त्या कुणी? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हजेरीवर झाडू मारणारी कोण? सिंहस्थ आला की लाखो लोक रामकुंडात पापं धुऊन जातात, आणि मागं राहिलेला कचरा भल्या पहाटे उचलायला उभी राहते ती कोण? आपली माय, मावशी, बहीण. तिला कुणी म्हणत नाही की बाई, स्वतःसाठी वेळ काढ. ती घटकाभर टेकली तर मुकादम म्हणतो कामचुकार आहे, आणि घरात सासू म्हणते लोळत पडलीय.

जुनी माणसं महारकी सांगतात. महारकीला वेळ नव्हती. रात्री-अपरात्री चावडीवरून हाक आली की उठायचं. बाप घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचं, बाईनंसुद्धा. कामाचा तास ठरलेला नाही, मजुरी ठरलेली नाही, नाही म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली या वतनाविरुद्ध मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. कायद्यानं ते वतन गेलं १९५८ साली. पण आईची महारकी गेली का? तिच्याही कामाला तास नाही, मजुरी नाही, नाही म्हणायची सोय नाही. चावडीची हाक बंद झाली, चुलीची चालू आहे.

हे आम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. सरकारनंच २०२४ साली लोकांचा दिवस मिनिटांत मोजला. घरचं बिनपगारी काम करणारी बाई त्यात रोज २८९ मिनिटं घालते, पुरुष ८८. म्हणजे बाईचे पावणेपाच तास आणि पुरुषाचा दीड तासही नाही. आणि या पुरुषांत फक्त घरकामाला हात लावणारेच धरलेत. हात न लावणारे तर हिशेबातच नाहीत.

याचा शेवट कुठं होतो तेही बघा. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात पुरेसं रक्त नाही, हे सरकारी पाहणीतच आलंय. युनोच्या स्त्रियांसाठीच्या संस्थेनं २०१८ साली जगापुढं एक आकडा ठेवला. भारतात दलित बाईचं मरणाचं सरासरी वय ३९.५ आणि उच्चवर्णीय बाईचं ५४.१. पावसापाण्यानं हा साडेचौदा वर्षांचा फरक पडत नाही. तो अपुऱ्या अन्नानं, घाण पाण्यानं, दूरच्या दवाखान्यानं, न मिळालेल्या विसाव्यानं पडतो.

बीडचं प्रकरण आठवा. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतलेली असते. एक दिवस बुडला की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी आली, पोट दुखलं, अंगावरून गेलं, तरी खाडा परवडत नाही. मग बायांनी काय केलं? गर्भाशयच काढून टाकलं. २०१९ साली बोभाटा झाला, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. पंचविशी-तिशीतल्या बायासुद्धा त्यात होत्या. सुट्टी नाही म्हणून शरीरातला अवयव कापून द्यायचा! यांना कुठल्या पार्लरचा सल्ला देणार?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आईचा विसावा ही बाजारात विकत घ्यायची चैन नव्हे. कुणाच्या मर्जीची भीकही नव्हे. तो तिचा हक्क आहे, आणि हक्क असेल तर तो मागायचा सरकारकडं, मालकाकडं आणि घरच्या पुरुषाकडं.

ही मागणी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. मालक म्हणाले, धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेब बिलाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा भार सरकारनं उचलावा, आणि बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानंही उचलावा, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला. १९३८ साली त्यांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव असेंब्लीत आणला, तो फेटाळला गेला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी हजारो बायांना सांगितलं की नवऱ्याच्या बरोबरीची मैत्रीण म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका.

आणि आपण काय करतो? रमाईच्या त्यागाची गाणी गातो. ती माउली १८९८ ला जन्मली आणि २७ मे १९३५ ला गेली. सदतीस वर्षांचं आयुष्य. चार लेकरं डोळ्यांदेखत गेली, दारिद्र्यात शेणी थापल्या, आजारानं अंथरूण धरलं. तिच्यापुढं मान झुकतेच. पण त्या त्यागाचं गाणं गाऊन आपल्या आईला सदतिसाव्या वर्षी म्हातारं करायचं, हा रमाईचा मान नव्हे.

आता मागण्या बोलू.

पहिली, बाळंतपणाचा पगार. कंपनीतल्या, ऑफिसातल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. चांगलं झालं. पण नाक्यावरच्या, बागेतल्या, धुण्याभांड्याच्या बाईला काय? मातृवंदना योजनेचे पहिल्या लेकरापोटी ५ हजार रुपये. २६ आठवड्यांचे दिवस होतात १८२. भागाकार करा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये. एवढ्यात बाळंतिणीचा डिंकाचा लाडू तरी होतो का? रोजंदारीच्या बाईलाही तेवढेच आठवडे, किमान वेतनाच्या दरानं मिळाले पाहिजेत.

दुसरी, घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्याची पगारी सुट्टी. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण सुट्टी अजून मालकिणीच्या तोंडाकडं बघून मागावी लागते. जागतिक कामगार संघटनेनं २०११ च्या करारात या बायांना आठवड्यात सलग २४ तास विश्रांती सांगितलीय. तेवढं तरी इथं लागू करा.

तिसरी, पाळणाघर. कायदा पन्नास कामगारांच्या कंपनीला पाळणाघर सांगतो. द्राक्षबागेतलं लेकरू बांधाला बांधलेल्या झोळीत झोपतं. वस्तीतली अंगणवाडी आई कामावरून येईपर्यंत उघडी ठेवा आणि अंगणवाडीच्या बाईला त्याचा पुरा पगार द्या.

चौथी, कामाच्या जागी संडास आणि पाणी. लघवीला जागा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया आपल्याच घरात आहेत.

या झाल्या सरकारच्या आणि मालकाच्या दारातल्या मागण्या. एक मागणी आपल्या दारातली आहे.

कार्यकर्त्या पोरा, बैठक संपवून तू रात्री अकराला घरी येतोस, आणि दिवसभर राबून नुकती आडवी झालेली आई तुला भाकरी गरम करून द्यायला उठते. व्यवस्था बदलायची भाषा करतोस ना? मग ताट स्वतः वाढून घे आणि स्वतः घास. नळाला पाणी येईल तेव्हा तू ऊठ. आठवड्यातला एक दिवस चूल तुझ्याकडं, बापाकडं, भावाकडं. १४ एप्रिलला पाहुण्यांचा स्वयंपाक पोरांनी करायचा आणि बायांनी मिरवणुकीत पुढं चालायचं. वस्तीतली बैठक बायांना जमेल त्या वेळी लावा आणि तेवढा वेळ लेकरं पुरुषांनी सांभाळा. शांताबाई दाणी याच नाशिकच्या. त्या शिकल्या, उभ्या राहिल्या, विधान परिषदेपर्यंत गेल्या. अशा किती शांताबाई चुलीपुढं संपल्या, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.

आणि माय, तुला पण सांगायचंय. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊ नको, सगळ्यांबरोबर ताट घेऊन बस. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, त्या डब्यात ठेवू नको, खा. अंगावर दुखणं काढू नको. पिशवी काढा असं कुणी म्हणालं तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याबिगर कागदावर अंगठा देऊ नको. दुपारी दमलीस तर खुशाल पड. कुणी काही बोललं तर सांग, “माझी सुट्टी हाये.”

जयभीम!