संपलं? असं कसं संपलं?

परवा भाची राहायला आली होती. वय बारा. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी गुजराती आणि अ‍ॅनिमेच्या कृपेने चार-दोन जपानी शब्द. मामाने आपल्या आवडीचं काहीतरी दाखवावं असा हुकूम झाला, म्हणून नेटफ्लिक्सवर ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ लावला. स्टुडिओ जिब्लीचा 1995 चा सिनेमा. राक्षस नाहीत, जादूही जवळजवळ नाही. तोक्योच्या कडेच्या एका उपनगरात राहणारी, पुस्तकं वाचणारी शिझुकू नावाची मुलगी आणि व्हायोलिन बनवायला शिकणारा सेइजी. बस, एवढंच.

शेवटी काय होतं ते सांगतो. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. सेइजी इटलीतल्या क्रेमोनाहून एक दिवस आधीच परततो, भल्या पहाटे तिच्या इमारतीखाली सायकल घेऊन उभा राहतो, दोघं टेकडीवर जातात, धुक्यातून सूर्य वर येतो, तो तिला सरळ लग्नाचं विचारतो, ती हो म्हणते. आणि पडद्यावर नावं सुरू!

“संपलं? मामा, असं कसं संपलं?” भाची उठून बसली. रिमोट घेऊन तिने पुढे-मागे करूनही पाहिलं. नावांच्या मागे रस्त्यावरून माणसं जाताना दिसतात, तिथे शिझुकूची मैत्रीण आणि तिला आवडणारा मुलगा एकमेकांना भेटतात. तेवढ्यावर समाधान माना.

आमची पिढी ड्रॅगन बॉल झी पाहत वाढली. त्यात एकेक मारामारी आठवडेच्या आठवडे चालायची. लवकर संपलं अशी तक्रार करायची वेळच कधी आली नाही. या सिनेमाच्या शेवटाबद्दल मात्र मी भाचीच्या बाजूने आहे. 2022 मध्ये जपानमध्ये खऱ्या नटांना घेऊन या दोघांची दहा वर्षांनंतरची गोष्ट दाखवणारा सिनेमा आला. म्हणजे पुढचं बघायची हौस तिकडेही असणार. पण मूळ सिनेमाचे दिग्दर्शक योशिफुमी कोन्दो त्यात नव्हते. ते 1998 मध्ये, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी गेले. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकच पूर्ण लांबीचा सिनेमा.

खरं तर माझं दुखणं वेगळ्याच प्रसंगाचं आहे. सेइजीच्या आजोबांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे आणि त्याच्या खालच्या बाजूला वर्कशॉप. शिझुकू त्याला म्हणते, वाजव ना. तो म्हणतो, मग तू गा. ती लाजत, अडखळत ‘कंट्री रोड्स’चं जपानी रूप गायला लागते. तेवढ्यात आजोबा आणि त्यांचे दोन म्हातारे मित्र दारात येतात, काही न बोलता आपापली वाद्यं उचलतात आणि सामील होतात. मुलगी आता मोकळ्या गळ्याने गातेय, म्हातारे मान डोलावताहेत. आता हे दहा मिनिटं चालावं असं वाटतं. गाणं संपतं, सगळे हसतात, आणि दिग्दर्शक लगेच पुढच्या कामाला लागतो. त्या मुलाचं पूर्ण नाव तिला कळतं आणि गोष्ट दुसरीकडे वळते. मला दर वेळी जेवताना कोणी ताट उचलून नेल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे याच सिनेमातला, टेबलाशी बसून लिहिणाऱ्या शिझुकूचा तुकडा यूट्यूबवरच्या लो-फाय संगीताच्या प्रसिद्ध चॅनलवर सुरुवातीच्या काळात सतत फिरत असायचा. नंतर त्याजागी दुसरी मुलगी आली. रात्री कोड लिहिताना आमच्यापैकी कित्येकांनी तो ऐकला असेल. म्हणजे ती लिहीतच राहिली, न संपता. गाणं मात्र तीन-चार मिनिटांत आटोपलं.

भाचीला हे सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, “पणजोबांच्या व्हिडिओसारखं.”

आमच्याकडे एक व्हिडिओ आहे. 2013 चे गणपती, दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर. आजोबा पेटीवर, त्यांचे एक मित्र तबल्यावर, दुसरे टाळ घेऊन. आजोबांनी अभंग सुरू केला, मी फोन वर धरला. सत्तेचाळीस सेकंद. दुसऱ्या कडव्याआधी आजोबा श्वास घेतात आणि चित्र थांबतं. फोनची जागा भरली होती. पुढच्या वर्षी नीट करू म्हटलं. पुढचे गणपती यायच्या आत आजोबा गेले. दरवर्षी त्यांच्या तिथीला आई तो व्हिडिओ लावायला सांगते, आणि तो संपला की कोणीतरी उगाच पाणी आणायला उठतं.

“पण पुढे काय झालं?” भाचीने विचारलं. “तू तिथेच होतास ना?”

होतो. फोनमध्ये मान घालून ऑफिसच्या सहलीचे फोटो डिलीट करत होतो. पुढचं काही ऐकलंच नाही. या सिनेमाच्या जपानी नावाचा अर्थ साधारण ‘कान देऊन ऐकलं तर’ असा होतो. ते मी भाचीला सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी तबलेवाल्या काकांना फोन लावला. कारेलीबागेत असतात, ऐंशी ओलांडली आहे. ते म्हणाले, “अरे, तो अभंग आम्ही पुरा केलाच नाही. आरतीला उशीर होतोय म्हणून तुझ्या आजीने डोळे वटारले, तिथेच थांबवला.”

आईला सांगितलं तर ती ठाम. “काहीतरीच! पूर्ण झाला होता. मी प्रसादाचं ताट घेऊन दारात थांबले होते, पाय दुखायला लागले होते माझे.”

आजी आता नाही, टाळवाले काकाही नाहीत. त्यामुळे हा निकाल लागायचा नाही. रविवारी भाचीला घेऊन कारेलीबागेत जातोय. काकांनी तबला गवसणीतून काढून ठेवतो म्हटलंय. आईही येणार आहे, वाद घालायला. आजोबांची पेटी माळ्यावरून खाली काढली आहे. तिचे दोन स्वर बोलत नाहीत, पण काका म्हणाले, असू दे, घेऊन ये.