पोपटाचं हृदय, माणसाची पट्टी

कुणी पोपटाची एक्स-रे फिल्म दाखवली, तर नांदगाव पेठेतल्या माणसांच्या डॉक्टरांनी सरळ हात जोडावेत, असं माझं मत आहे. माणसाचं हृदय छातीच्या निम्म्या रुंदीहून मोठं दिसलं, की आम्ही सावध होतो. मध्यम आकाराच्या पोपटांत मात्र ५१ ते ६१ टक्के रुंदी निरोगीच! पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं; हृदय आणि यकृताची सावली जुळून डमरू दिसतो. फिल्म काढताना पक्षी जरा कलला तरी माप चुकतं. तेवढ्यावरून आजोबांची लघवीची गोळी कुटून पाजणं घातकच. अकोल्याला पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, तिथं विचारा. देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पण त्या भीतीनं आजारी पाखरू घरात लपवण्यापेक्षा वन विभागाला कळवा.