‘तेवढं पान लावून टाक’

‘मजकूर झालाय, तेवढं पान लावून टाक.’ कॉलेजच्या चार वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ‘तेवढं’ या शब्दावरच माझा राग बसलाय. लिहिणं म्हणजे डोक्याचं काम आणि पान लावणं म्हणजे स्वयंपाक झाल्यावर ताटं घेणं, असा त्यातला हिशेब. (ताटं घेणं कुणाच्या वाट्याला येतं हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या संपादक मंडळात पाच मुलगे लेख लिहायचे आणि ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणून डिझाइन माझ्याकडे आलं. कम्प्युटरवरचं डिझाइन. अक्षर छान आहे म्हणून.)

माझं म्हणणं सरळ आहे. पान लावणं हे संपादन आहे. कुठली बातमी वर, कुठली खाली, कुणाला पाच कॉलम आणि कुणाला कोपरा, हे ठरवणारा माणूस सजावट करत नसतो. त्याला सजावट म्हणणाऱ्यांपैकी काहींना हे खरंच माहीत नसतं. काहींना मात्र फार चांगलं माहीत असतं.

पुण्यापासून दोनेक तासांवरचं आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. २०१५ च्या सुमाराला आम्ही दर महिन्याला आठ पानी टॅब्लॉइड काढायचो. सहा पानं इंग्रजी, सातवं मराठी, आठवं खेळ आणि फोटो. इनडिझाइन घ्यायला पैसे नव्हते म्हणून मी फुकटातलं स्क्रायबस शिकले. इंग्रजी पानं दोन महिन्यांत जमायला लागली. सातव्या पानाने मात्र रडवलं. आमच्याकडच्या स्क्रायबसला देवनागरी कळतच नव्हती. ‘विद्यार्थी’ टाइप केलं की पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहायची. मंडळातल्या एकाने तोडगा सुचवला, मराठी पान बंदच करू, तसंही कोण वाचतं!

शेवटी ते पान प्रेसवर बसून लावायचं ठरलं. तिथले डीटीपीवाले काका अजूनही पेजमेकरवर, श्रीलिपीत काम करायचे. मी नेलेला आराखडा बघून त्यांनी विचारलं, ‘हे इंग्रजीच्या साच्यात ओतलंय का?’ ओतलंच होतं. इंग्रजीचे ९ पॉइंट, इंग्रजीचं ओळींमधलं अंतर, पाच अरुंद कॉलम. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार असतात. इंग्रजी ओळी जिथे आरामात बसतात तिथे वरच्या ओळीतल्या ‘कुटुंबा’चा उकार खालच्या ‘मैत्री’च्या मात्रांवर आदळतो. काकांनी अक्षर ११ वर नेलं आणि ओळींचं अंतर १६ वर. मजकूर मावेना. ‘मग काप,’ ते म्हणाले. मी म्हटलं, लेखकाला विचारावं लागेल. ‘विचार की. पण आधी तू वाच, कुठलं गेलं तर चालेल ते.’ संपादनाचा माझा पहिला धडा हा. तो मला संपादकाने दिलेला नाही.

मग पाच कॉलमांचे तीन झाले. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतात. ‘महाविद्यालयांमधल्या’सारखा शब्द अरुंद कॉलमात आला आणि दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट धरला की ओळीत भोकं पडतात. मथळ्यांची अक्षरं मी फॅशन म्हणून सुटी केली होती, तर शिरोरेषाच तुटली होती. अजून एक हौस होती, लेखाचं पहिलं अक्षर मोठं करायची. लेख ‘स्त्री’ने सुरू होत होता. आता ‘स्त्री’मधलं पहिलं अक्षर कुठलं? कम्प्युटर म्हणणार ‘स’. मराठी माणूस म्हणणार ‘स्त्री’.

हे तुम्हाला बारकावे वाटत असतील, तर एक करा. ‘मराठी वाचायला जड जातं’ म्हणणाऱ्या मित्राला विचारा, त्याने मराठी कुठल्या आकारात, कुठल्या फाँटमध्ये, किती दाटीत वाचलंय. आमचं सातवं पान न वाचणारी मुलं नवं पान वाचायला लागली. सगळी नाही, पण लायब्ररीत अंक सातव्या पानावर उघडा पडलेला मी बघितलाय. वाचक मेला म्हणून दर वर्षी व्यासपीठावरून गळा काढणाऱ्यांपैकी एकालाही मी ओळींमधल्या अंतराबद्दल बोलताना ऐकलं नाही. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. त्याच्या पानावर दोन कॉलम असायचे, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी. समोरासमोर, एकाच पानावर. त्यानंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी आम्ही मराठीला सातवं पान दिलं आणि आपण उदार आहोत असं समजलो.

आता जे सांगायला खरं तर बसले ते.

मी तिसऱ्या वर्षाला असताना मेसमधल्या कामगारांचा तीन महिन्यांचा पगार थकला. कंत्राटदार कॉलेजकडे बोट दाखवायचा, कॉलेज कंत्राटदाराकडे. आमच्या एका ज्युनिअरने दहा-बारा जणांशी बोलून बातमी लिहिली. मराठीत, कारण बोलणं मराठीत झालं होतं. मंडळाचं काम बघणाऱ्या सरांनी ती वाचली. एक शब्द कापला नाही. म्हणाले, ‘बातमी जरूर घ्या. फक्त पहिल्या पानावर फेस्टचा फोटो मोठा जाऊ दे, स्पॉन्सर बघतात. बाकी तू बघ, डिझाइन तुझं आहे.’

आणि मी बघितलं. बातमी मराठी म्हणून सातव्या पानावर. तिथेही वरच्या अर्ध्यात कवितांची चौकट आधीच लावलेली, म्हणून घडीच्या खाली. त्यातही क्लासच्या जाहिरातीखाली, कोपऱ्यात. जागा कमी पडली तेव्हा काकांचा धडा विसरून अक्षर परत ९ वर आणलं. ज्युनिअरचा मथळा होता, ‘मेसमधल्या कामगारांना तीन महिने पगार नाही’. दोन ओळी जात होत्या. मी केला ‘मेस कामगारांच्या अडचणी’. एका ओळीत छान बसला.

अंक वाटला त्या दुपारी वाढायला उभ्या असलेल्या मावशींनी मला थांबवलं. ‘पोरी, आमचं छापून आलंय म्हणं. कुठं हाय?’ त्यांनी अंक दोनदा चाळला होता. मी सातवं पान काढून बोट ठेवलं. त्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं. ‘बारीक हाय गं. तूच वाचून दाखव.’ मेसच्या त्या गोंगाटात, भाताच्या भांड्याशेजारी उभी राहून मी ती बातमी मोठ्याने वाचली. मथळा वाचला नाही.

पगार पुढे मिळाला, पण आमच्या बातमीमुळे नव्हे. कामगारांनी दोन दिवस चूल पेटवली नाही, तेव्हा मिळाला.

सरांवर मी बरीच वर्षं राग धरून होते. तो आता तेवढा उरलेला नाही. सेन्सॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल पेन येतो, त्यामुळे लाल पेन दिसला नाही की आपण निश्चिंत असतो. इथे कुणी काही खोडलंच नव्हतं. सगळं छापलं होतं, फक्त ज्यांची बातमी होती त्यांनाही ती सापडू नये अशा जागी. आणि ती जागा मी निवडली होती, ‘मी फक्त पान लावते’ असं मनाशी म्हणत.

कागद आता कोण बघतं, असं तुम्ही फोनवर हे वाचता वाचता म्हणाल. पण तुमच्या अंगठ्याखालून जे सरकतंय तेही कुणीतरी लावलेलंच पान आहे. आधी काय दिसेल आणि चाळीस वेळा सरकवल्यावर काय, हे ठरवणारा कोड माझ्यासारखीच माणसं लिहितात. ‘अल्गोरिदमने ठरवलं’ हे ‘जागा नव्हती’चंच नवं रूप आहे. आम्हाला इंजिनिअरिंगला सॉर्टिंगचे अर्धा डझन प्रकार शिकवले. वर काय यावं, हे कुणाच्या सोयीने ठरतं, हा प्रश्न एकाही पेपरात आला नाही.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मराठी आली. बटणांची उंची इंग्रजी अक्षरं मोजून ठरवलेली, त्यामुळे सगळ्या मात्रांचे माथे उडाले. मी बग नोंदवला. उत्तर आलं, ‘कॉस्मेटिक. प्रायॉरिटी लो.’ तेवढं पान लावून टाक, याचं हे ऑफिसातलं भाषांतर. दोनदा बंद झालेला तो बग काल मी तिसऱ्यांदा उघडलाय. सोबत स्क्रीनशॉट जोडलाय, त्यात बटणावर ‘पैसे मिळाले’ आहे, मात्रा कापलेलं. प्रायॉरिटीच्या रकान्यात ‘लो’ काढून ‘हाय’ केलंय. उद्या साडेदहाला मीटिंग आहे.